फेब्रुवारीतली मतपत्रिका : डिव्हिजन थ्री बास्केटबॉलमधले २५ संघ कसे निवडावेत

अमेरिकेतलं कॉलेज बास्केटबॉल म्हटलं की ड्यूक, केंटकी, कॅन्सस ही नावं आठवतात. पण तिथं डिव्हिजन थ्री नावाचं आणखी एक मोठं जग आहे. पुरुषांचे चारशेहून अधिक संघ त्यात खेळतात. खेळासाठी शिष्यवृत्ती कुणालाच मिळत नाही. खेळाडू दिवसा प्रयोगशाळेत किंवा वर्गात असतात आणि संध्याकाळी कोर्टवर. यातली बरीच कॉलेजं मराठी घरांत चांगलीच ओळखीची आहेत : एमआयटी, कॅलटेक, एनवाययू, शिकागो विद्यापीठ, कार्नेगी मेलन, होबोकनचं स्टीव्हन्स. पुण्या-मुंबईहून एमएस करायला गेलेली किती तरी मुलं तिथं दोन वर्षं काढतात, पण आपल्याच कॉलेजचा संघ देशात कितवा आहे याचा त्यांना पत्ता नसतो. एनवाययूच्या महिला संघाने २०२४ आणि २०२५ अशी सलग दोन वर्षं एकही सामना न हरता राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. २०२५ साली पुरुष संघही अंतिम सामन्यापर्यंत पोचला होता.

हा लेख अशांसाठी आहे ज्यांना या संघांची दर आठवड्याची पहिल्या २५ ची क्रमवारी नुसती वाचायची नाही, समजून घ्यायची आहे. त्याचा सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे स्वतःची सरावाची मतपत्रिका भरून बघणं. उदाहरणं पुरुषांच्या स्पर्धेतली घेतली आहेत, पण महिलांच्या क्रमवारीलाही हेच लागू पडतं.

आधी, मत कोण देतं आणि त्याचं काय होतं

डिव्हिजन थ्रीची सर्वांत जास्त वाचली जाणारी क्रमवारी डीथ्रीहूप्स डॉट कॉम या संकेतस्थळाची. देशभरातले प्रशिक्षक, कॉलेजांचे क्रीडा-माहिती अधिकारी आणि पत्रकार मिळून २५ जण मत देतात. प्रत्येकाने १ ते २५ अशी यादी द्यायची. पहिल्याला २५ गुण, दुसऱ्याला २४, असं करत पंचविसाव्याला १. सगळ्यांची बेरीज झाली की क्रमवारी तयार. सगळ्या मतदारांनी पहिलं ठेवलेल्या संघाला ६२५ गुण मिळतात. डिव्हिजन टू आणि एनएआयए (कॉलेज खेळांची एक वेगळी संघटना) इथं प्रशिक्षकांची मतं घेतात. तिथली पद्धत थोडी वेगळी आहे, तरी मतदाराचं काम फारसं बदलत नाही.

नवखे लोक इथं नेहमी एक गल्लत करतात. या क्रमवारीवरून कुणालाही राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेश मिळत नाही. ६४ संघांच्या स्पर्धेतल्या चाळीसहून अधिक जागा कॉन्फरन्सच्या, म्हणजे आपसांत नियमित खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांच्या, विजेत्यांना आपोआप जातात. उरलेल्या जागांसाठी २०२४-२५ पासून एनपीआय नावाचा निर्देशांक वापरतात. कोण जिंकलं आणि कुणाशी जिंकलं, यावरून तो गणिताने निघतो. त्याआधी विभागीय समित्या फेब्रुवारीत आपापल्या याद्या काढत असत. मग मतदाराने कशासाठी डोकं शिणवायचं? कारण गणित निकाल मोजतं, संघ बघत नाही. मुख्य गार्ड (चेंडू पुढे आणणारा खेळाडू) जायबंदी असताना झालेला पराभव आणि पूर्ण ताकदीनिशी झालेला पराभव गणिताला सारखेच. माणसाने मत द्यायचं ते याच फरकासाठी, आणि म्हणूनच ते मत विचारपूर्वक द्यायला हवं.

पहिली पायरी : पाटी कोरी करा

नियमित हंगामात एका संघाला २५ सामने खेळता येतात. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हंगाम सुरू होतो, डिसेंबरात परीक्षा आणि सुट्टीमुळे खंड पडतो, जानेवारीपासून कॉन्फरन्सचे सामने एकामागून एक येतात. फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत बहुतेक संघांचे वीसेक सामने झालेले असतात. म्हणजे पुरावा बराच जमलेला असतो.

असं असूनही बरेच जण काय करतात? मागच्या आठवड्याची यादी उघडतात, जो हरला त्याला चार घरं खाली सरकवतात आणि जे जिंकले त्यांना एकेक घर वर. असं केलं की ऑक्टोबरातला अंदाज फेब्रुवारीपर्यंत तसाच टिकून राहतो. हंगामाआधीच्या यादीत तिसरा असलेला संघ तीन सामने हरूनही नववा राहतो, आणि यादीत नसलेला संघ तेवढेच सामने हरून बाविसावा. दोघांची कामगिरी शेजारी ठेवली तर कदाचित दुसराच सरस निघेल.

म्हणून फेब्रुवारीत निदान एकदा जुनी यादी बाजूला ठेवून कोऱ्या कागदावर सुरुवात करा. साठेक संघांची नावं उतरवा. त्याहून कमी घेऊ नका, कारण शेवटच्या जागांचे खरे दावेदार चाळिशी-पन्नाशीतच दडलेले असतात. प्रत्येकाच्या पुढे चार रकाने हवेत : सगळ्यात मोठे तीन विजय, प्रत्येक पराभव, घराबाहेरची कामगिरी, आणि आत्ता कोण खेळतंय. जय-पराजयाचा एकूण आकडा मुद्दाम शेवटी लिहा. तो आधी दिसला की नजर त्यालाच चिकटते.

दुसरी पायरी : कॉन्फरन्सचं वजन जोखा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या.

विस्कॉन्सिन राज्यातल्या सरकारी विद्यापीठांची डब्ल्यूआयएसी ही कॉन्फरन्स घ्या. प्लॅटव्हिल, स्टीव्हन्स पॉइंट, व्हाइटवॉटर, ऑशकॉश, ला क्रॉस, ओ क्लेअर, रिव्हर फॉल्स, स्टाउट असे आठ संघ. प्रशिक्षक बो रायन यांच्या प्लॅटव्हिलने १९९१, १९९५, १९९८ आणि १९९९ साली राष्ट्रीय विजेतेपद मिळवलं. स्टीव्हन्स पॉइंटनेही चार मिळवली, व्हाइटवॉटरनेही चार. २०१९ साली ऑशकॉश जिंकलं. असे आठ संघ एकमेकांशी दोन-दोनदा खेळतात तेव्हा ५६ सामने होतात, आणि ५६ सामन्यांत ५६ पराभव कुणाच्या ना कुणाच्या पदरात पडणारच. प्रत्येक संघ १४ सामने खेळतो, म्हणजे सरासरी सात विजय आणि सात पराभव. अशा ठिकाणी १०-४ असलेला संघ देशातल्या पहिल्या पंधरांत बसू शकतो. दुबळ्या कॉन्फरन्समधला १४-० कदाचित पंचविसांतही बसणार नाही.

पण नावाच्या दबदब्यावर वजन ठरवू नका. दर वर्षी ते नव्याने तपासावं लागतं, आणि तपासायची जागा म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचे सामने. तेव्हाच एका कॉन्फरन्सचे संघ दुसरीच्या संघांशी भिडतात. आठही संघांचे बाहेरचे निकाल एकत्र करा आणि तळाच्या दोन संघांकडे खास लक्ष द्या. तळाचा संघही बाहेर जाऊन जिंकत असेल, तर त्या कॉन्फरन्समध्ये सोपी संध्याकाळ कुणाच्याच वाट्याला येत नाही. जानेवारीनंतर कॉन्फरन्सचे सामने बंद खोलीत होतात असं समजा. कितीही रंगले तरी बाहेरच्या जगाशी तुलना करायला ते फारसं काही देत नाहीत.

डिव्हिजन थ्रीत ही अडचण अधिक जाणवते. प्रवासाचे पैसे बेताचे असल्याने बहुतेक संघ बसने जाता येईल तिथंच खेळतात. कॅलिफोर्नियातला संघ आणि मेनमधला संघ यांच्यात समान प्रतिस्पर्धी सापडणं मुश्कील. अशा वेळी डिसेंबराच्या सुट्टीतल्या स्पर्धा सोन्याच्या मोलाच्या. लास व्हेगासला भरणाऱ्या स्पर्धेत दूरदूरचे संघ येतात. तिथला एखादा निकाल दोन प्रदेशांमधला एकमेव दुवा असू शकतो. फेब्रुवारीत तो जुना वाटेल, पण तरी तो मोजा.

कॉन्फरन्सची रचनाही पाहा. न्यू इंग्लंडमधल्या नेस्कॅकमध्ये ११ कॉलेजं एकमेकांशी फक्त एकदा खेळतात, म्हणजे दहा सामने. एखाद्या वर्षी एका संघाला सगळे तगडे प्रतिस्पर्धी घरच्या कोर्टवर मिळतात, तर दुसऱ्याला त्यांच्याकडे जावं लागतं. तक्त्यात दोघे ८-२ दिसतील, पण पारडं सारखं नसेल. घरच्या कोर्टचा फायदा साधारण तीनेक गुणांचा धरतात. तेवढा सुद्धा दोन-तीन सामने फिरवायला पुरतो.

तिसरी पायरी : पराभव एकेक करून वाचा

विजयांपेक्षा पराभव जास्त बोलके असतात. प्रत्येक पराभवाला चार प्रश्न विचारा : कुणाशी, कुठे, कधी, आणि कुणाला घेऊन.

यूएए कॉन्फरन्सचं उदाहरण पुरेसं आहे. शिकागो, एमोरी, एनवाययू, सेंट लुईसचं वॉशिंग्टन, कार्नेगी मेलन, केस वेस्टर्न, रॉचेस्टर आणि ब्रँडाइस ही आठ विद्यापीठं वेगवेगळ्या शहरांत पसरलेली. सामने शुक्रवारी आणि रविवारी. एमोरी आणि रॉचेस्टर ही प्रवासातली जोडी. म्हणजे पाहुणा संघ एका सामन्यासाठी दक्षिणेत अटलांटाला, आणि त्याच आठवड्याअखेरीस दुसऱ्यासाठी हजार किलोमीटरहून दूर, ऑन्टॅरियो सरोवराकाठच्या बर्फात. अशा दौऱ्यात रविवारी दुपारी चार गुणांनी झालेला पराभव हा घरच्या प्रेक्षकांसमोर मंगळवारी झालेल्या चार गुणांच्या पराभवाइतका जड धरू नये. या कॉन्फरन्समध्ये शेवटची बाद फेरीची स्पर्धाही नसते. साखळीत पहिला आलेलाच थेट राष्ट्रीय स्पर्धेत जातो. त्यामुळे तिथं फेब्रुवारीतला प्रत्येक सामना जीव तोडून खेळला जातो.

‘कधी’ या प्रश्नावर मतदारांमध्ये दोन तट आहेत. काहींच्या मते शेवटचे दहा सामने जास्त मोजावेत, कारण संघ आज कसा आहे ते महत्त्वाचं. मला हे अर्धंच पटतं. नोव्हेंबरातला पराभव संघ बदलला असेल तरच हलका धरावा : दुखापतीतून कुणी परतलं, दुसऱ्या सत्रात नवा खेळाडू आला, प्रशिक्षकाने पहिली पाच जणांची फळी बदलली. संघ तोच असेल तर नोव्हेंबरही तेवढाच खरा. नाहीतर शेवटचे दहा सामने दुबळ्यांशी असलेल्या संघाला फुकटचा लाभ मिळतो.

याच्या उलट, मुख्य खेळाडू आत्ताच कायमचा बाहेर गेला असेल तर काय? माझ्या मते आधीचे विजय पुसू नयेत, ते त्या मुलांनी कमावले आहेत. पण बरोबरीच्या संघाशी तुलना करताना त्याला खाली ठेवणं योग्य. दोन आठवडे त्याच्याविना संघ कसा खेळतो ते पाहून मग मोठा बदल करा.

चौथी पायरी : किती गुणांनी जिंकला यावर भाळू नका

२० नोव्हेंबर २०१२ रोजी आयोवातल्या ग्रिनेल कॉलेजच्या जॅक टेलरने एकट्याने १३८ गुण केले. सामना १७९-१०४ असा संपला. प्रतिस्पर्धी होतं फेथ बॅप्टिस्ट बायबल कॉलेज, जे एनसीएएमध्ये, म्हणजे डिव्हिजन थ्री ज्या संघटनेत येतं तिच्यात, नाहीच. शिवाय ग्रिनेलची पद्धत अशी की सतत खेळाडू बदलायचे, पूर्ण कोर्टभर दाब आणायचा, आणि चेंडू हाती आला की क्षणात दुरून मारायचा. चेंडू सारखा इकडून तिकडे जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे आकडे फुगतात. ७५ गुणांच्या त्या विजयातून संघाची राष्ट्रीय पातळी कळत नाही.

म्हणून गुणांचा फरक चेंडूच्या ताब्यांवर तोलावा लागतो. एका संघाकडे किती वेळा ताबा आला ते बॉक्स स्कोअरवरून (सामन्याच्या आकडेवारीच्या तक्त्यावरून) काढता येतं : बास्केटचे प्रयत्न, वजा आक्रमक रिबाऊंड (आपलाच नेम चुकल्यावर परत मिळवलेले चेंडू), अधिक गमावलेले चेंडू, अधिक फ्री थ्रोंच्या ०.४४ पट. समजा एका संघाने ६० प्रयत्न केले, १० आक्रमक रिबाऊंड घेतले, १२ चेंडू गमावले आणि २० फ्री थ्रो मारले. ६० वजा १० अधिक १२ अधिक ८.८, म्हणजे जवळपास ७१ ताबे. संघ ७८-७० असा जिंकला असेल तर शंभर ताब्यांमागे सुमारे ११ गुणांची आघाडी. आता वेगात खेळणारा दुसरा संघ घ्या : ९५ ताबे, १०८-९८ असा विजय. फरक दहाचा दिसतो, पण शंभर ताब्यांमागे साडेदहाच. आठ गुणांचा विजय दहाच्या विजयापेक्षा थोडा वजनदार ठरला.

यानंतर सामन्याचा क्षणाक्षणाचा तपशील उघडा. बहुतेक कॉलेजं तो सामन्यानंतर लगेच टाकतात. शेवटची दोन मिनिटं बघा. ५० सेकंद उरले असताना फरक चारचा होता, मग हरणाऱ्या संघाने घड्याळ थांबवण्यासाठी मुद्दाम फाउल केले आणि जिंकणाऱ्याने सात फ्री थ्रो घातले, की निकाल दिसतो ११ गुणांचा. हा सामना अटीतटीचा होता. उलट दुसरीकडे पाच मिनिटं आधी २४ गुणांची आघाडी, मग राखीव खेळाडू उतरवले आणि शेवटी तोच ११ चा फरक. हे दोन निकाल एकाच रकान्यात टाकू नका.

केनेथ मॅसी यांच्या संगणकी क्रमवारीत डिव्हिजन थ्रीचे सगळे संघ असतात. ती जरूर पाहा, पण स्वतःची यादी झाल्यावर. तुमची आणि तिची जागा पंधरा-वीसने वेगळी आली तर त्या संघाचे सामने पुन्हा उघडा. काही वेळा तुमच्या नजरेतून काही निसटलेलं असतं, तर काही वेळा दुखापतीचा तपशील संगणकाला ठाऊक नसतो.

पाचवी पायरी : सामने प्रत्यक्ष बघा

बहुतेक कॉलेजं किंवा त्यांच्या कॉन्फरन्स सामने इंटरनेटवर थेट दाखवतात. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर संध्याकाळी सातला सुरू झालेला सामना हिवाळ्यात भारतात पहाटे साडेपाचला सुरू होतो, विस्कॉन्सिनमधला साडेसहाला. चहा घेत पाहता येतो. शनिवारी दुपारी दोनचा सामना मात्र आपल्याकडे रात्री साडेबाराला लागतो. तो दुसऱ्या दिवशी बघितला तरी चालतं. एडिसन किंवा जर्सी सिटीत राहणाऱ्यांना तर प्रत्यक्ष जाऊन बसता येईल : स्टीव्हन्स, मॉन्टक्लेअर स्टेट, रटगर्स-न्यूअर्क असे संघ हाकेच्या अंतरावर आहेत.

काय बघायचं? चेंडू कुणाकडे आहे ते सोडून द्या आणि बचाव पाहा. मुख्य गार्ड थकल्यावर चेंडू वर कोण आणतं, सेंटरला (रिंगजवळच्या उंच खेळाडूला) दोन फाउल लवकर लागले तर आत कोण उभं राहतं, आघाडी गेल्यावर पुढच्या तीन ताब्यांत संघ घाईत दुरून मारतो की आपली चाल पूर्ण करतो. राष्ट्रीय स्पर्धेच्या पहिल्या आठवड्याअखेरीस लागोपाठ दोन दिवस सामने असतात. सहाच खेळाडूंवर चालणारा संघ तिथं दमतो. सगळ्या साठ संघांना पाहणं कुणालाच जमत नाही. ज्या दोन संघांत तुमचं मन ठरत नाही, त्यांनाच वेळ द्या.

सहावी पायरी : शेवटच्या आठ जागा

वरचे सात-आठ संघ सगळ्यांचे जवळपास सारखेच असतात, त्यांत फार वेळ घालवू नका. १८ ते २५ या जागांवर मात्र प्रामाणिकपणाची कसोटी लागते. इथं तीस संघ तरी दावा सांगतात, आणि मतदार थकून ओळखीची नावं भरतो. दोन-दोन संघ समोरासमोर ठेवा आणि स्वतःला विचारा : तटस्थ कोर्टवर उद्या सामना झाला तर कोण जिंकेल, आणि आजवर अधिक कुणी कमावलं? दोन्हींचं उत्तर एकच आलं तर प्रश्न मिटला. वेगळं आलं तर मी कमावलेल्याला वर ठेवते, कारण पहिलं उत्तर अंदाजाचं आहे आणि दुसरं घडलेलं.

आपल्या प्रदेशातला एखादा संघ या जागांमध्ये असेल तर दूरच्या प्रदेशातला एक संघ मुद्दाम शोधून त्याच्याशी तुलना करा. कुणीच न पाहिलेल्या कॉन्फरन्समधल्या चांगल्या संघावर सगळ्यात जास्त अन्याय याच जागांवर होतो. ही मुलं कोणत्याही शिष्यवृत्तीशिवाय पहाटेचे सराव करतात. पंचविसाव्या जागेवर कॉलेजचं नाव दिसलं तर त्या आठवड्यात सगळं कॅम्पस त्याबद्दल बोलतं. कॅलटेक २२ फेब्रुवारी २०११ रोजी ऑक्सिडेंटलविरुद्ध ४६-४५ असं जिंकलं आणि कॉन्फरन्समधली लागोपाठ ३१० पराभवांची मालिका संपली. त्या संघाला तेव्हा कुणी मत देणार नव्हतं, पण एका गुणाच्या त्या विजयाची बातमी देशभर झाली. या पातळीवरचा खेळ लोकांना इतका मोलाचा वाटतो.

कॉन्फरन्सच्या स्पर्धांचा आठवडा

फेब्रुवारीच्या अखेरीस बाद फेऱ्या सुरू होतात आणि मतदार गांगरतात. हंगामभर वरचढ असलेला संघ उपांत्य फेरीत एका गुणाने हरतो, आणि लगेच त्याला दहा घरं खाली ढकललं जातं. असं करू नका. हा त्याच्या हंगामातला सव्विसावा की सत्ताविसावा सामना आहे, तेवढंच त्याचं वजन. राष्ट्रीय स्पर्धेतली जागा त्याच्या हातून गेली असेल, पण ती वेगळी गोष्ट. तुमच्या यादीत त्याला ती शिक्षा पुन्हा देऊ नका.

राष्ट्रीय स्पर्धेनंतरच्या शेवटच्या यादीतही हेच. विजेता सलग सहा सामने जिंकतो, त्याला पहिलं ठेवण्याबद्दल वाद नाही. पण २०२३ च्या अंतिम सामन्यात ख्रिस्तोफर न्यूपोर्टने माउंट युनियनला ७४-७२ असं हरवलं, तर २०२२ मध्ये रँडॉल्फ-मेकनने एल्महर्स्टला ७५-४५ असं. दोन्ही उपविजेते दुसऱ्या जागेवर आपोआप बसवायचे नसतात. स्पर्धेतला त्यांचा मार्ग बघा, कुणाला हरवत आले ते बघा, मग ठरवा.

निकाल वाचताना

क्रमवारी जाहीर झाली की नुसता क्रमांक पाहू नका, गुण पाहा. २५ मतदार असतील तर एकूण गुणांना २५ ने भागा आणि आलेली संख्या २६ मधून वजा करा. ३०० गुणांच्या संघाची सरासरी जागा चौदावी निघते. सगळ्यांनी त्याला यादीत घेतलं असेल तर हा हिशेब अचूक बसतो. खालच्या भागात तो फसतो, कारण तिथं अनेकांनी शून्य दिलेलं असतं. ५० गुण असलेल्या संघाला दहा जणांनी प्रत्येकी पाच दिले असतील, किंवा तिघांनी भरभरून दिले आणि बाकीच्यांनी काहीच दिले नसतील. सातव्या आणि आठव्या संघात नऊ गुणांचा फरक असेल तर ते बरोबरीतच आहेत. नवव्या आणि दहाव्यात ७० चा असेल तर तिथं खरी दरी आहे. यादीच्या खाली छापलेली ‘इतर मते मिळालेले’ संघांची ओळही सोडू नका. पुढच्या आठवड्यासाठी कागदावर कोणती नावं आधी लिहायची, ते तिथूनच कळतं.